खडपाचं गाऱ्हाणं

देवाला इतकं कामाला लावणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा सापडायचा नाही, असे माझ्या मावशीचे यजमान. नात्याने माझे काका. मालवणच्या किनाऱ्यावर त्यांची होडी आहे, पण खरा व्यवसाय विचाराल तर गाऱ्हाणं घालणं. आमच्याकडे देवळात किंवा शुभकार्यात कुणी जाणता माणूस हात जोडून, आवाज चढवून सगळ्यांच्या वतीने देवापुढे तक्रार मांडतो, ज्याने कुणी वाकडं केलं असेल त्याला तू बघून घे म्हणून सांगतो आणि जमलेली मंडळी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत दुजोरा देतात. इतरांच्या घरी हे सणासुदीला होतं. काकांच्या घरी चहा पाणचट झाला तरी होतं. कणकवलीची एसटी उशिरा आली की काका स्टँडवरच हात जोडत, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक ज्येनी कोणी खोळंबो केल्यान, त्येच्या सायकलीचो टायर रोज सकाळी बसान जांव दे रे म्हाराजा!" बाकावर पेंगणारे अनोळखी प्रवासी दचकून जागे होत, सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणत आणि पुन्हा पेंगू लागत. शेजारच्या कोंबड्याविरुद्ध, मोबाइलच्या रेंजविरुद्ध, नको तेव्हा शिट्टी देणाऱ्या कुकरविरुद्ध त्यांची गाऱ्हाणी आम्ही ऐकलेली आहेत. तो कोंबडा पुढे शेजाऱ्यांच्याच ताटात गेला, तेव्हा त्याचं श्रेय काकांनी देवाबरोबर निम्मं निम्मं वाटून घेतलं.

दुसरं प्रकरण पाण्याचं. काकांना अंघोळीला कढत पाणी लागतं, भर मे महिन्यातसुद्धा. मावशीने चुलीवरचं पाणी न्हाणीत नेऊन ठेवलं की काका त्यात कोपर बुडवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "ह्यां पाणी मेलेलां आसा," असा निकाल लागला की मावशी मुकाट्याने आणखी लाकडं सारते. असा हा वाफेत न्हाणारा माणूस, पण अंगात जराशी कसर भरली की घर डोक्यावर घेतो. दोन गोधड्या, कपाळावर पट्टी, आणि मला लेकीसारखी हाक घालून फोन: "चेडवा, एकदा येवन तोंड बघून जा." मी कणकवलीला कॉलेजात शिकवते. तिथून रजा टाकून, मोसंबी घेऊन धावत जाते, तर काका पेजेबरोबर तळलेला बांगडा खात बसलेले असतात. असं अनेकदा झालं, तरी मोसंबी घ्यायचं मी सोडलेलं नाही.

काका पूर्वी मासेमारी करत. पुढे पर्यटक यायला लागले, तशी काकांनी होडीला रंग दिला आणि लोकांना पाण्याखालचं कोरल दाखवायला न्यायला लागले. स्नॉर्कलिंगला ते 'नाककोरलिंग' म्हणत. नाकाला मास्क लावून कोरल बघायचं, मग दुसरं काय नाव असणार, असा त्यांचा सवाल होता. सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे समुद्रात एक मोठं खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा आहे, ते त्यांचं खास. कोरलाचे गड्डे एकावर एक वाढून तयार झालेलं, माशांनी गजबजलेलं. पण रंगाने मळकट, तपकिरी. टीव्हीवर लाल-निळं कोरल बघून आलेली मंडळी मास्क काढून "एवढंच?" अशा चेहऱ्याने बघायची आणि काका ओशाळायचे. खडपाची बाजू घेत म्हणायचे, "रंगान जरा मळकां आसा, पण मनान बरां आसा." हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं की मावशी हातातली भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. मावशी सावळी आहे. तिला बघायला काका गेले होते, तेव्हा मध्यस्थाने तिच्याबद्दल नेमकं हेच वाक्य उच्चारलं होतं.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांचा फोन आला. मी मोसंब्यांचा विचार करतच तो उचलला. पण काका आनंदाने ओरडत होते, "चेडवा, आमचां खडप गोरां झालां!"

मी रविवारी गेले. काकांनी मला होडीत बसवलं, मास्क चढवला आणि पाण्यात उतरवलं. खाली खरंच सगळं पांढरंशुभ्र होतं. गणपतीच्या आधी घराला चुना द्यावा तसं ते खडप लख्ख दिसत होतं, आणि मला ते फार सुंदर वाटलं. काकांचा तर पाय जमिनीवर ठरत नव्हता. इतकी वर्षं ज्या मुलीचं लग्न रंगावरून अडलं होतं ती एका रात्रीत उजळली, अशा थाटात ते किनाऱ्यावर मिरवत होते. 'गोरी बाग' असा फलक त्यांनी रंगवून घेतला होता. पुण्याकोल्हापूरची माणसं फोटो काढकाढून थकत नव्हती, आणि परतताना काका त्यांच्याकडून देवाच्या आभाराचं गाऱ्हाणं वदवून घेत होते. लाइफ जॅकेट घातलेली माणसं भर समुद्रात 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडत होती.

रात्री जेवताना मी मावशीला फोनवरचे फोटो दाखवले. तिने ते लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले आणि काकांना म्हणाली, "ओ, माणूस असो पांढरोफटक पडलो तर आपण त्येका डॉक्टराकडे न्हेतंव. तुमी फलक लावन दाखवतास?"

"तुका काय समाजता त्येतलां?" काका म्हणाले, पण पुढचा घास त्यांनी जरा हळू घेतला.

त्याच आठवड्यात समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारी एक मुलगी काकांच्या होडीतून गेली. पाण्यातून ती वर आली. काकांनी आभाराच्या गाऱ्हाण्यासाठी हात जोडले, तर म्हणाली, "काका, हे नका करू." मग मावशीच्या ओटीवर बसून तिने सगळं समजावून सांगितलं. कोरल हा दगड नव्हे, जीव आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ बिऱ्हाड करून राहतं, त्याला अन्न पुरवतं, आणि तो मळका रंग त्या बिऱ्हाडकरूंचाच. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त तापलं आणि तापलेलंच राहिलं, की हे बिऱ्हाड बाहेर पडतं. मग कोरलाच्या पारदर्शक अंगातून आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. ते अजून मेलेलं नाही, पण उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर बिऱ्हाड परतेल, नाहीतर खडप जाईल. गाड्या-इंजिनांच्या धुराने हवा तापतेय, तिच्याबरोबर जगभरचे समुद्र तापताहेत, म्हणून हे आता सगळीकडे पुन्हा पुन्हा होतंय.

काकांना ते पटेना. "थोड्याशा ऊबेन? मी तर कढत पाण्यान न्हातंय!"

"आणि आंगात एवढीशी कसर भरली की दोन गोधडये मागतास," मावशी म्हणाली. "ताप म्हंजे तेवढीच ऊब, ओ. त्या खडपाक ताप इलोसा."

काकांना जगातलं दुसरं काही कळलं नसतं, पण ताप कळला. ते उठले, किनाऱ्यावर गेले आणि फलक काढून आणला. तो त्यांनी उलटा करून न्हाणीच्या दाराशी टाकला. पुढे त्यावर मावशीने मासळी वाळत घातली.

त्यानंतर काकांनी खडपाला आजारी माणसाचं पथ्य लावलं. तिथे नांगर टाकायचा नाही, अंगाला उन्हाचं क्रीम फासून उतरायचं नाही, माशांना बिस्किटं घालायची नाहीत. 'गोरी बाग' बघायचीच म्हणून हटून बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी विचारलं, "आजारी माणसाक भेटूक जाताना तुमी कॅमेरो न्हेतास?" गृहस्थ चपापले आणि "नाही, आम्ही फळं नेतो," असं म्हणाले. काकांनी त्यांना दुसऱ्या बाजूची वाळू दाखवून परत आणलं. इतर होडीवाले हसले, धंदा त्यांच्याकडे वळला, आणि काकांनी त्यांच्याविरुद्ध एकही गाऱ्हाणं घातलं नाही, यावरूनच मावशीला काळजी वाटू लागली. रोज पहाटे ते जेटीच्या पायरीवर वाकून समुद्रात कोपर बुडवत आणि मला फोन करत. "कढत आसा गो," एवढंच म्हणत. खडपाला सोबत म्हणून त्यांनी स्वतः गार पाण्याने अंघोळ सुरू केली, आणि त्यांना सर्दी झाली, ती मात्र खरीखुरी. मोसंबी तेव्हा एकदाची कामी आली.

मग पावसाळा लागला, होड्या वर ओढल्या गेल्या आणि समुद्र गढूळला. खाली काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. समुद्राला नारळ द्यायचा, आणि गाऱ्हाणं अर्थातच काकांनी घालायचं. काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आमच्या खडपाक ताप इलो रे म्हाराजा!" लोक म्हणाले, 'व्हय म्हाराजा'. "तां उपाशी पडलां, रंग उडान गेलो रे म्हाराजा!" 'व्हय म्हाराजा'. "आणि ज्येनी कोणी ह्यां पाणी तापवल्यान, त्येका..."

इथे काका थांबले. गाऱ्हाण्यात या जागी अपराधी लागतो. इतकी वर्षं काकांकडे अपराधी हजर असायचा, कुणी नाहीतर कोंबडा. त्यांनी गावाकडे पाहिलं, किनाऱ्यावर लावलेल्या गाड्यांकडे पाहिलं, ओढून ठेवलेल्या होड्यांकडे पाहिलं आणि त्यांची नजर स्वतःच्या होडीच्या इंजिनावर येऊन अडकली. लोक चुळबुळू लागले. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "तां आमी सगळ्यांनी मिळान तापवलां, म्हाराजा. माज्या इंजिनानपण. आमका शिक्षा करू नको, शानपण दी. आणि तवसर त्या खडपाक सांभाळ रे म्हाराजा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. स्वतःविरुद्धच्या गाऱ्हाण्याला होकार कसा द्यायचा? मग गर्दीच्या मागून मावशीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्यामागोमाग सगळा किनारा म्हणाला.

दिवाळीनंतर पाणी नितळ झालं तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं. होडी खडपापाशी नेली, नांगर लांब वाळूत टाकला आणि मास्क माझ्या हातात दिला. "तू बघ गो. माजो चष्मो घराकडे रवलो." काकांना चष्मा नाहीच. मी उतरले. खडपाच्या किनाऱ्याकडल्या अंगाला ते मळकट तपकिरी गड्डे पूर्वीसारखे बसले होते, मासे त्यांत शिरत होते, निघत होते. मी इतकी हरखले की पाण्यातच ओरडले आणि तोंडभर खारं पाणी प्याले. पलीकडचं अंग मात्र गेलं होतं. त्यावर मऊ राखाडी शेवाळाची लव चढली होती आणि एकही मासा नव्हता.

"मळकां!" मी वर येऊन ओरडले. "काका, मळकां झालां!"

काका होडीत उभे राहून नाचले. होडी उलटायचीच बाकी होती. "पुरां?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अर्धं." ते खाली बसले, मास्क चढवला आणि स्वतः उतरले. बराच वेळ ते त्या पलीकडच्या अंगावर तरंगत राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते. "मास्कात पाणी गेलां," ते म्हणाले. मी मान डोलावली.

आता पर्यटकांना ते अभिमानाने सांगतात, "मळको रंग बघा, मळको! असो रंग नशिबान दिसता." घरी मावशीला ते हेच वाक्य ऐकवतात, आणि भाकरी हल्ली हलक्या हाताने थापली जाते. पण उन्हाळा लागला की पहाटेचा फोन येतोच. कधी दुपारी स्टाफरूममधून मीच पुन्हा लावते आणि विचारते, "काका, पाणी कसां आसा?" ते म्हणतात, "आज बरां आसा." यंदा हे म्हणायला ते थोडा वेळ लावतात. मग फोनवरच ते छोटंसं गाऱ्हाणं घालतात, त्यात आम्ही सगळे अपराधी असतो, आणि मी शेजारच्या टेबलावरची माणसं दचकली तरी मोठ्याने म्हणते, "व्हय म्हाराजा."