निशिगंध, अण्णा आणि ओलं धोतर

मला निशिगंधाची ॲलर्जी आहे आणि मी निशिगंधाची शेती करतो.

हे ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग दुसरं काहीतरी लावा की," म्हणाले. आता त्यांना काय सांगणार, की दुसरं काहीतरी लावायचं म्हणूनच तर निशिगंध लावला होता! पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमच्या घरात आजोबांच्या आजोबांपासून कापूस. मी हट्टानं विहिरीजवळचा अर्धा एकर मागून घेतला, ठिबक अंथरलं, कंद लावले आणि पहिली कळी उमलली त्या दिवसापासून जो शिंकायला लागलो तो आजतागायत.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा प्रकारच मान्य नव्हता. फुलं देवाला वाहायची असतात, विकायची नसतात, हे त्यांचं ठाम मत. उन्हाळा लागला तसा त्यांनी निकाल देऊन टाकला.

"वैशाख निघंपर्यंत तुझी फुलं. लग्नाची एक तरी ऑर्डर आणून दाखव. न्हाई तर नांगर घालतो, अन मिरगाला तिथं कापूस."

आणि ऑर्डर आली! जालन्याचे सलीमभाई, लग्नाचे स्टेज सजवणारे. त्यांना निशिगंधाचे दांडे हवे होते, गाडीभर.

"अकराच्या आत माल माझ्या हातात पाहिजे. बराबर अकरा," ते फोनवर म्हणाले. "माल चांगला निघाला तर पूरा सीझन तुमचा. लेट झाला तर मी प्लास्टिकची फुलं लावून मोकळा. माझ्याकडं पोती भरून पडली हायेत."

त्या दिवशी पहाटेपासून आम्ही तिघं, मी, बायको आणि अण्णा, दांडे कापत होतो. खालच्या दोन कळ्या उमललेल्या आणि बाकी मिटलेल्या, असाच दांडा कापायचा. (अण्णा हे काम विरोध नोंदवत नोंदवत, पण माझ्या दुप्पट वेगानं करत होते.) आठ वाजेपर्यंत शेजाऱ्याच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत जुड्या रचून झाल्या. शेजारी स्वतः एका लग्नाला गेलेला, त्यामुळे चालकही मीच. वरून ऊन चढायला लागलं होतं. फुलं झाकायला ओलं कापड हवं म्हणून बायकोनं अण्णांचं पांढरं धोतर हौदात बुडवून आणलं.

"ते वाऱ्यानं उडंल," अण्णा म्हणाले. "मी मागं बसतो धरून. तुझ्या भरवशावर धोतर सोडलं तर जालन्याला नुसत्या काड्या पोचतील."

चपला त्यांनी माझ्यापाशी पुढे ठेवल्या आणि मागे चढले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पहाटेपासून निशिगंधात उभं राहून माझे डोळे लालभडक झाले होते, नाक वाहत होतं, पाणी गालावरून थेट मिशीत.

"तोंड धुऊन जा," ती म्हणाली. "रडून राह्यल्यावानी दिसून राह्यले तुम्ही."

मी म्हणालो, वेळ नाही. माझ्या आयुष्यातल्या चुकांची कधी यादी केली, तर हे वाक्य बरंच वर येईल.

मागे काय घडलं ते मला खूप उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. पहाटेपासून वाकून थकलेले अण्णा, भोवती फुलांचा गारवा, वर ओलं धोतर. गावाची वेस ओलांडायच्या आत ते जुड्यांच्या मधोमध आडवे झाले, धोतर डोक्यापर्यंत ओढलं आणि गाढ झोपले. धोतर डोक्याकडे ओढलं की ते पायाकडे कमी पडतं. तेव्हा दोन अनवाणी पाय मागच्या फळीवर, बाहेर!

आणि मी गाडी ताशी तीसच्या वेगानं चालवत होतो. कळ्यांना हिसका बसू नये म्हणून.

पिंपळगावच्या स्टँडवर दूधवाले पांडूतात्या उभे होते. त्यांनी हात केला. "गजू, कामून रं? काय झालं?"

मी गाडी हळू केली. सांगणार होतो की फुलं घेऊन जालन्याला चाललोय, पण नेमकी शिंक दाटून आली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, शब्द फुटेना. मी नुसता अंगठ्यानं मागे निर्देश केला. तात्यांनी मागे पाहिलं. पांढरं कापड, फुलं, पाय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल.

पुढे आरशात पाहिलं, तर तात्यांची मोटारसायकल मागे. मग दोन झाल्या. भोकरदनपर्यंत नऊ मोटारसायकली आणि एक जीप, आणि कोणी ओव्हरटेक करायला तयार नाही! कोणी हॉर्नसुद्धा वाजवेना. मला भरून आलं. लोक शेतकऱ्याच्या मालाची अशी कदर करायला लागले, आता आपले दिवस पालटणार, असं वाटलं. चौकात एका हवालदारानं समोरचा ट्रक थांबवून मला वाट दिली आणि छातीवर हात ठेवला. मीही ठेवला.

फोन सारखा वाजत होता. सलीमभाई घाई करत असणार, या भीतीनं मी तो बघितलाच नाही. मागे मात्र चर्चा रंगली होती, असं तात्यांनी नंतर सांगितलं. "गावात न्हाई, जालन्याला कामून न्हेऊन राह्यला?" असं कोणीतरी विचारलं, तर जीपवाल्यानं उत्तर दिलं, "डोळे दान केले असतील. अण्णा सुधारलेला माणूस व्हता." यावर सगळ्यांचं एकमत झालं.

केदारखेड्याला अण्णांची धाकटी बहीण राहते, माझी सुंदरआत्या. तिच्यापर्यंत फोन पोचलाच होता. गावाजवळ आलो तर आत्या रस्त्याच्या मध्ये, मागे पन्नासेक माणसं. मी ब्रेक लावला. आत्या माझ्याकडे न बघता थेट मागे धावली आणि पाय धरून तिनं हंबरडाच फोडला. मला वाटलं, अण्णा उन्हानं खरंच गेले! मी दार उघडून धावलो आणि फळीला धरून मीही रडायला लागलो. ते रडणं मात्र फुलांचं नव्हतं. जन्मभर ज्या माणसाशी नुसता वाद घातला, त्याच्याशी एवढ्यात बोलणं संपायला नको होतं, एवढंच मनात येत होतं.

"माझ्या भावा रं," आत्या रडत होती, "तुला कंदी उलटून बोलले न्हाई रं. बापाचं तांब्याचं घंगाळ चोरीला गेल्तं म्हणून तुला सांगितलं, ते मीच नेल्तं रं, माझ्या न्हाणीत हाय रं..."

धोतराखालून आवाज आला, "मला वाटलंच व्हतं."

पुढचं एक मिनिट केदारखेड्यात जे झालं ते नीट कोणालाच सांगता येत नाही, कारण बघायला कोणी थांबलंच नव्हतं. जीपवाला तर जीप सोडून पळाला. फक्त आत्या जागची हलली नाही. अण्णा उठून बसले, तशी तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, मग पाठीत एक गुद्दा घातला आणि पुन्हा रडायला बसली.

माणसं हळूहळू परत आली. एकाच्या हातात हार होता. अण्णांनी तो मागून घेतला आणि बोटांनी चाचपला.

"हे काय हाय?"

"हार," तो माणूस ओशाळून म्हणाला. "हाटेलातल्या फोटोचा."

"प्लास्टिकचा?"

"मंग काय करू, अण्णा? या दिवसांत ताजं फूल इथं भेटत न्हाई बिलकुल."

अण्णांनी हार मांडीवर ठेवला. स्वतःच्या मरणाचं त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं, पण प्लास्टिक त्यांच्या फार जिव्हारी लागलं. सभोवार गाडीभर निशिगंध घमघमत होता आणि त्यांच्या मांडीवर तो हार.

"गज्या, किती वाजले?"

"सव्वादहा."

"अन तो सलीम काय लावणार म्हणला, आपून न्हाई पोचलो तर?"

"प्लास्टिक."

"हाण गाडी!" अण्णा म्हणाले. आत्या चहाचं म्हणत होती, औक्षणाचं म्हणत होती. "चहा परतीला. घंगाळ बी घासून ठेव."

मग मी गाडी खरोखर हाणली. पुढे नऊ मोटारसायकली आणि जीप, या वेळी हॉर्न वाजवत. मरणाला म्हणून आलेली माणसं, त्यांना परत जायचं सुचलंच नाही. मागे अण्णा धोतर दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेले. मंडपात पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सलीमभाई प्लास्टिकचं पहिलं पोतं सोडत होते.

"लेट," ते म्हणाले.

अण्णा गाडीतून उतरले आणि तात्यांसकट सगळ्यांना कामाला लावलं. एका जुडीला दोन माणसं, फुलाला हात लावायचा नाही, दांड्याला धरायचं. बारा-चौदा माणसांनी अर्ध्या तासात स्टेज पांढरंशुभ्र करून टाकलं. सलीमभाईंनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं.

"माल तर मस्त हाय. पूरा सीझन द्याल?"

"या सालचाच न्हाई, पुढचा बी," अण्णा म्हणाले. "पुढल्या साली अर्ध्याचा एक एकर करून राह्यलो. लग्नं चार महिने असतेत, पण माणसं बारा महिने मरतेत, अन त्यांना साधं फूल भेटंना. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

सलीमभाईंना यातलं निम्मंच कळलं, पण त्यांनी हात पुढे केला. "मालक तुम्हीच का?"

"मंग कोण?"

"आणि हे?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ड्रायवर."

आज एकरभर निशिगंध उभा आहे. भल्या पहाटे अण्णाच मला हाक मारून उठवतात, आणि फुलं विकायची नसतात हे मत त्यांचं होतं, असं कोणी म्हणालं तर त्यांना राग येतो. जालन्याच्या फूलबाजारात मात्र मला अजूनही अण्णांचा ड्रायवर म्हणूनच ओळखतात. परवा एका हारवाल्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हातारा पगार किती देतो?"

मी खरं तेच सांगितलं. अजून ठरलेला नाही.