अक्षराचं पोट

कळवणच्या शाळेतली चित्रकला शिक्षकाची नोकरी मी अक्षरांपायी सोडली. नाशकात भाड्याच्या खोलीत तीन वर्षं वीत-वीत उंचीची देवनागरी अक्षरं काढली. ती लहान झाल्यावर कशी दिसतील, हे दुर्बीण उलटी धरून बघायचो. घरचे म्हणत, सुखातला जीव दुःखात घातलास. मी ऐकून सोडून द्यायचो.

सत्तरचं दशक संपता संपता मुंबईच्या एका टाइप फाउंड्रीने माझी अक्षरं शिशात ओतून त्यांचे छपाईचे खिळे केले. वर्षभरात गावोगावच्या छापखान्यांच्या तक्रारी आल्या. ध, भ, घ यांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, शाईने बुजतात, छपाई काळी येते. फाउंड्रीने कळवलं, टाइप बंद करावा लागेल. म्हणजे मी पुन्हा त्याच शाळेच्या दारात.

मी हट्टी. नाशकातला एक छापखाना माझाच टाइप वापरायचा आणि त्यांची हँडबिलं आरशासारखी स्वच्छ यायची. तीच पाठवून मी लिहिलं, दोष अक्षरांत नाही, तुमच्या गिऱ्हाइकांच्या शाईत आहे. टाइप वाचला. मी दोन दिवस शीळ घालत फिरलो.

नव्या नमुन्यांसाठी एकदा सकाळी लवकरच त्या छापखान्यात गेलो. यंत्र अजून सुरू झालं नव्हतं. खिळे जुळवणारे एक नामपूरकडचे म्हातारे कंपोझिटर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्यावर माझे खिळे. एकेका ध-च्या पोटात सुई घालून ते वाळलेली शाई कोरून काढत होते, मग रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते.

"हे रोज करता?"

"रोज. तुमनं अक्षर देखनं शे, पन पोट बारीक शे."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमनी नोकरी सुटेल व्हती. काय सांगू?"

मला लाज वाटली. त्याआधी क्षणभर त्यांचाच राग आला, हेही खरं.

नमुने न घेताच घरी आलो आणि फाउंड्रीला लिहिलं, टाइप बंद करा, दोष अक्षरांतच आहे. पत्र पेटीत टाकलं.

टाइप आता बंद होणार होता, तरी त्या छापखान्यात माझे खिळे होतेच. नवे घेईपर्यंत त्यांना तेच वापरायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे जाऊन जमिनीवर बसलो. म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. टोपीच्या घडीतून दुसरी सुई काढली आणि माझ्यापुढे धरली.