काकांच्या चार पायऱ्या

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कोण किती आजारी आहे, हे डॉक्टर नव्हे, समोरच्या ब्लॉकमधले काका ठरवत. छापखान्यात खराब कागद वेगळे काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर ते आजारी माणसं तशीच निवडू लागले. पायऱ्या चार. ‘बरं नाही’, म्हणजे दारातूनच चौकशी. ‘पडून आहे’, म्हणजे दोन मोसंबी. ‘अंथरूण धरलं’, म्हणजे उशाशी खुर्ची ओढून अर्धा तास. आणि ‘अंथरुणाला खिळला’, म्हणजे बाहेरगावच्या मुलांना काकांचा फोन. तो आला की मुलं रजा टाकून निघायची. मला कावीळ झाली तेव्हा मी म्हणालो, “काका, यंदा अंथरूणच धरलं बघा.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “संडासला स्वतः जातोस ना? मग नुसता पडून आहेस. उगाच मोठे शब्द वापरू नकोस.” मोसंबी दोनच मिळाली.

पुढे काकूंना अर्धांगाचा झटका आला. कूस बदलायला दोन माणसं लागत, दुसरा मी. तरी नागपूरच्या मुलीला काका रोज फोनवर सांगत, “पडून आहे जरा.” ती याच शब्दांत वाढलेली. म्हणायची, “मग परीक्षा आटोपून येते, बाबा.” असे एकोणीस दिवस गेले. काकू दाराकडे बघत राहायच्या.

विसाव्या दिवशी मी विचारलं, “काका, ही कोणती पायरी?”

ते बराच वेळ चादर सारखी करत राहिले. मग म्हणाले, “तो शब्द मी आजवर अकरा जणांना लावला. एकही उठला नाही रे.”

मी घरी येऊन नागपूरला फोन लावला. माझा आवाज ऐकताच मुलीनं विचारलं, “दादा, तुम्ही कसा काय फोन केलात? बाबांनी सांगितलं का?”

“नाही. त्यांच्याच्यानं होत नाहीये.”

“निघते,” म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी पोचली. काकूंनी तिला ओळखलं, तिचं बोट धरलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

काकूंचं दिवसकार्य झाल्यावर काका माझ्या दारात आले, हातात दोन मोसंबी.

“मी आजारी नाही, काका.”

“ठाऊक आहे,” म्हणाले. मोसंबी टेबलावर ठेवली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि अर्धा तास बसले.