बारीक बुडबुडे

आमच्या वस्तीवरचा एक पोरगा आंबीच्या केमिकल कंपनीत कामाला आहे. टाकीतल्या पाण्यात गॅस मुरवायचा, हे त्याचं काम. बोलतो कमी. सोड्याची बाटली घेतली तरी आधी बुडबुडेच बघत बसतो. मला तो खुळा वाटायचा.

माझी बायको गेली, पण तिनं शेततळ्यात सोडलेले मासे मागं राहिले. परवा सकाळी ते वर येऊन तोंडं वासायला लागले. मी हवेचा पंप लावून पाइप पाण्यात सोडला. भडाभडा बुडबुडे आले, तरी मासे तसेच. तेवढ्यात रात्रपाळी करून हा घरी चालला होता. बघून थांबला.

"आबा, बुडबुडं लय मोठं हायेत. वर येऊन फुटत्यात. हवा पाण्यात मुरतच न्हाई."

"मग नुसता बघतोस काय?"

त्यानं पाइपाचं टोक बांधलं आणि दाभणानं बारीक बारीक भोकं पाडली. पाणी दुधासारखं फेसाळलं.

"वाचतील का रं?"

"सगळं न्हाई वाचायचं, आबा."

बायको आजारी होती तेव्हा सगळे मला "बरी होईल" म्हणत राहिले. ह्यानं खरं ते सांगितलं, आणि वाचलेले मासे पोहत खाली जाईपर्यंत माझ्याशेजारी उकिडवा बसून राहिला.