साहेबाच्या चुलीचं मोठं दार

आमच्या घरी लोखंडाची एक चूल आहे आणि ती कशी चालते हे मी शोधून काढलं. आधीच सांगून टाकते, कारण ते श्रेय हल्ली आमचे हे स्वतःकडे ओढायला लागले आहेत.

नाकाडोंगरीजवळच्या खाणीवर इंग्रज साहेबाचा एक जुना बंगला होता. तो पाडला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तिथली चूल बैलबंडीवर घालून आणली. कमरेइतकी उंच, पाय नक्षीदार, समोर लहानमोठी दारं, एका अंगाला पाण्याची टाकी आणि तिला पितळेची तोटी. सगळे तिला साहेबाची चूल म्हणायचे. तिच्यात एकदाच जाळ केला, घरभर धूर झाला आणि तिची रवानगी गोठ्यात झाली. सासरे गेले, चूल तिथेच राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत.

मला ती आठवली सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. त्यांचं खाली बसणं बंद झालं, म्हणजे चुलीपुढे बसणंही बंद. ओट्यावर गॅस होता, पण त्याला त्या हात लावत नसत. "त्याले का जाळ म्हणतेत? ना लाकूड सारता येत, ना निखारा ओढता येत," म्हणायच्या आणि ओसरीवर जाऊन बसायच्या. जन्मभर घराला जेवू घातलेली बाई ताटाची वाट पाहत बसलेली मला बघवेना. उभ्यानं, लाकडावर रांधता आलं तरच ही पुन्हा माणसात येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

चूल घासून पुसून मागच्या पडवीत बसवली. तुमसरहून पत्र्याचं धुराडं करून आणलं. यांनी जाळ केला आणि पुन्हा तेच. दारातून भसाभसा धूर, सासूबाई खोकत बाहेर. "काहून जीव घेऊन राहिली वं माह्या?"

हे म्हणाले, "सोमवारी भंगारवाला येते. देऊन टाकू."

माझं डोकंच फिरलं. साहेबानं एवढं लोखंड काय धूर खायला मागवलं होतं? यांना अंगणात पिटाळलं, चूल निवू दिली आणि तिच्यापुढे फतकल मारून बसले. एकेका दारात हात घालून पाहिलं. सगळ्यात मोठ्या दाराच्या आत धूर जायला वाटच नव्हती, चहूबाजूंनी बंद पेटी. शेजारच्या टीचभर दारामागे मात्र जाळी होती, जाळीखाली राखेचा खण, आणि तिथून निघालेली पोकळी त्या पेटीला वळसा घालून धुराड्याला मिळत होती. मग मला हसू आवरेना. खरी चूल ती टीचभर, दगडी कोळशाची. आम्ही आपली लांब लाकडं मावतात म्हणून मोठं दार धरलं आणि साहेबाच्या पाव भाजायच्या कपाटात जाळ करून बसलो!

लाकडं वीतभर तोडून घेतली. धुराड्याच्या मानेत एक लोखंडी झडप होती, ती उघडली. लहान दारात जाळ घातला. धूर मुकाट्यानं वर गेला. भंगारवाल्याला नको म्हणून कळवायला मी यांनाच लावलं.

सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी लाकूड मागे ओढलं, पुढे सारलं, वर तळहात धरून आच पाहिली. तोटीतून ऊन पाणी आलं तेव्हा "अगो माय!" म्हणून हसल्या. मोठ्या दारात वांगी भाजायला ठेवली, वर भाताचा गंज चढवला आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मागितल्या. शेंगा फोडणीला टाकायला मी पुढे झाले, तर मला कोपरानं बाजूला केलं.

"सरक. मले करू दे."

माझ्याच घरात मला कुणी सरक म्हणावं आणि मी सरकावं, हे याआधी घडलेलं नाही. मी सरकले. मला फार बरं वाटलं.

पहिलं ताट त्यांनी मला वाढलं. हातात पळी घेऊन समोर उभ्या राहिल्या. मी घास घेतला तरी हलेनात.

"मीठ बराबर हाये ना वं?"

तेव्हा मला कळलं. इतक्या दिवसांत आपल्या हाताची चव गेली असेल, ही भीती त्यांनी मनात धरून ठेवली होती आणि ओसरीवर बसून कुणाला कळू दिली नव्हती. मी ताट पुढे केलं. एरवी मला शब्द कमी पडत नाहीत.

"आई, अजून वाढा," एवढंच म्हणता आलं.