रत्नपालचा अजब बंगला

नागपूर कोणाला किती ठाऊक आहे, यावर सडक अर्जुनीच्या अलीकडच्या त्या गावात कधी वाद झालाच, तर तो रत्नपाल शहारेच्या नावावर येऊन संपायचा. गावच्या हायस्कुलात तो शिपाई होता आणि शाळेची सहल दरवर्षी नागपूरला जायची. नोकरीत त्याने अशा सव्वीस सहली केल्या. गुरुजी बदलले, हेडमास्तर बदलले, पोरं तर दरवर्षीच बदलत. रत्नपाल तेवढा कायम. दीक्षाभूमी, झिरो माईल, अजब बंगला, सगळं त्याला तोंडपाठ. अजब बंगला म्हणजे नागपूरचं सरकारी संग्रहालय, पण त्याला खऱ्या नावाने ओळखणारा माणूस आमच्याकडे दिवा घेऊन शोधावा लागेल. तिथल्या दगडी मूर्ती, तलवारी आणि पेंढा भरलेला वाघ यांचं रत्नपाल असं वर्णन करी, की ऐकणाऱ्याला तिकीट काढायची गरजच उरू नये.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. रत्नपालने अजब बंगल्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

झालं असं होतं, की पहिल्या सहलीच्या दिवशी तेव्हाचे हेडमास्तर कापगते बसमधून उतरता उतरता म्हणाले, "शहारे, तू सामानाजवळ थांब." पोरं आत गेली. रत्नपालने बाहेरच्या मोकळ्या जागेत कडुनिंबाखाली पिशव्या रचल्या, तीन विटा मांडल्या, गंज म्हणजे मोठं पातेलं चढवलं आणि साठ जणांची खिचडी शिजवली. पुढच्या वर्षी कापगते रिटायर झाले. नव्या हेडमास्तरांनी काहीच सांगितलं नाही, पण रत्नपाल आपणहून कडुनिंबाखाली जाऊन बसला. शिपायाच्या नोकरीची हीच गंमत आहे. काम सांगणारे सांगून मोकळे होतात, ते संपलं कधी हे कोणी सांगत नाही. दीक्षाभूमीचं वेगळं होतं. तिथे तो लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून जात आला होता, तिथे आत जायला त्याला कोणी बोलवायची वाट पाहावी लागली नाही. अजब बंगल्याच्या दारात मात्र तो अडला तो अडलाच.

परतीच्या बसमध्ये पोरं त्याच्याभोवती जमत आणि आत काय काय पाहिलं ते सांगत. पहिल्या वर्षी घरी आल्यावर नव्या नवरीने, नीलाने विचारलं, "वाघ पाह्यला काय? केवढा होता?" रत्नपालने दोन्ही हात पसरून दाखवले. लबाडी करायची म्हणून नव्हे. हात आपोआप पसरले. नीलाचे डोळे मोठे झाले, आणि बायकोचे असे मोठे झालेले डोळे पाहिल्यावर कोणता नवरा म्हणेल, की मी नाही, पोरांनी पाहिला? दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. मग तो पोरांचं ऐकलेलं तिखटमीठ लावून सांगू लागला. हळूहळू गावही ऐकू लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती त्याने सव्वीस वर्षं झाकून ठेवली.

मूठ उघडायची वेळ आली ती रिटायर झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात. नागपुरात लोककलांचा मोठा महोत्सव होता आणि त्यात शेजारच्या गावची दंडार होती. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं लोकनाट्य. त्यात आमच्या गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष सुशिलाबाईंचा भाऊ खेमराज ढोलकीवर होता. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपली होती, हात मोकळे होते. गटाने बस ठरवली. दिवसभर शहर पाहायचं, संध्याकाळी महोत्सव. सुशिलाबाईंनी जाहीर करून टाकलं, की गाइड करायला नको, रत्नपालभाऊ आहेतच. सगळ्यांत जास्त मान डोलावली ती नीलाने. तिच्या नवऱ्याचा मान होता तो.

रत्नपालने सुटायची वाट शोधली. आधी त्याने गुडघ्याचं निमित्त काढलं, मग म्हशीचं. नीलाने दोन्हींचा बंदोबस्त केला. शेवटी त्याने ठरवलं, की आधी एकट्याने जाऊन सगळं पाहून यायचं. पेन्शनच्या कागदासाठी भंडाऱ्याला जातो असं घरी सांगून तो सकाळच्या एसटीने थेट नागपूर गाठून अजब बंगल्याच्या फाटकाशी उभा राहिला. फाटकाला कुलूप. चौकीदार म्हणाला, "आज बंद है काका. मंडे है." शाळेची सहल दरवर्षी शुक्रवारी निघायची. सोमवारी बंगला बंद असतो, हे अख्ख्या गावाला नागपूर शिकवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. त्याने दोन केळी खाल्ली आणि परतीची बस धरली.

सहलीच्या दिवशी सगळ्या जणी आधी दीक्षाभूमीला गेल्या. तिथे रत्नपालचा आवाज खणखणीत होता. मग बस अजब बंगल्याशी थांबली आणि त्याचे हात जुन्या सवयीने पिशव्या गोळा करू लागले. तुम्ही जाऊन या, मी सामानाजवळ बसतो, असं तो म्हणालाही. नीलाने पिशव्या काढून घेतल्या, ड्रायव्हरच्या हवाली केल्या आणि त्याच्या आधी त्याचं तिकीट काढलं.

आत शिरताच त्याने वळण्याआधीच सांगून टाकलं, "उजव्या हाताले वाघ." बाया उजवीकडे वळल्या. तिथे दगडी मूर्ती रांगेने उभ्या होत्या. वाघ हलवला असेल, असं सुशिलाबाईंनी समजून घेतलं. मग त्याने पुढच्या दालनात तलवारी असल्याचं सांगितलं, तिथे पक्षी निघाले. तिसऱ्या वेळी तो बायांच्या मागून चालू लागला. बाया हसल्या आणि आपापल्या पाहू लागल्या. भाऊंचं वय झालं, विसरतात बिचारे, असंही एकीने म्हटलं. नीला हसली नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. अनोळखी घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा तो प्रत्येक दारात थबकत होता, आणि तिचा माणूस आपल्या पाहिलेल्या जागी असा थबकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाघ सापडला तेव्हा बाकीच्या पुढे गेल्या होत्या. काचेसमोर ही दोघंच उरली.

"तुमी आत आलेच नाही ना कधी?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"सामानाजवळ बसत होतो. खिचडी राहे."

"मंग मले जे सांगत होते ते?"

"पोरायनं पाह्यलेलं."

नीलाला राग आला. सव्वीस वर्षं फसवलं म्हणून आला, आणि माहेरी, बहिणींकडे, सगळीकडे आपण हे किती तोऱ्याने सांगितलं, ते आठवून आणखी आला. "काऊन नाही आले?" ती म्हणाली. "कोनी हाकलत होता काय?"

"हाकललं कोनीच नाही," तो म्हणाला. "चाल बी कोनी म्हटलं नाही."

नीलाचा राग होता तिथेच होता, पण आता तो नवऱ्यावर धरता येत नव्हता. शिक्षकांवर धरावा, तर त्यांतले निम्मे तिच्या हातचा चहा पिऊन गेलेले. मग ती स्वतःकडे वळली.

"मी बी वाघाचंच इचारत राहिली," ती म्हणाली. "तुमी बसता कुठं, जेवता केव्हा, हे नाही इचारलं एकदाही."

रत्नपालला रडू आलं, आणि ते लपवायला तो वाघाची पाटी वाचू लागला.

"चाला बाहेर," नीला म्हणाली. "कुठं बसत होते ते दाखवा मले."

त्याने तिला कडुनिंबाखाली नेलं. आधी तो अडखळत बोलला, मग त्याला रेटायची गरज राहिली नाही. चुलीच्या तीन विटा तो जाताना भिंतीमागे दडवून ठेवी, आणि वर्षाने त्या तिथेच सापडत. पाणी समोरच्या पानठेल्यावरून आणायचं. ठेलेवाला बदलला तरी नळ तोच होता. दोन वाजता सावली पलीकडे सरके, म्हणून गंज आधीच तिकडच्या अंगाला मांडायचा. आधी पोरं, मग गुरुजी, शेवटी गंजाच्या बुडाची खरवड त्याची. एका वर्षी खिचडी पुरली नाही, तेव्हा त्याने बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढला. एकदा सातवीतली एक मुलगी तापली, तिला त्याने पिशव्यांच्या उशीवर झोपवून दिवसभर वारा घातला होता. हे सांगताना त्याला कुठेच थांबून आठवावं लागत नव्हतं.

बंगला पाहून बाहेर पडलेल्या बाया एकेक करून तिथे येऊन थांबल्या. काय चाललंय हे कोणालाच नीट कळलं नाही, पण बोलण्यात काहीतरी होतं, म्हणून त्या ऐकत राहिल्या. शेवटी सुशिलाबाईंनी घड्याळ दाखवलं. पाच वाजता महोत्सव सुरू होणार होता आणि पहिलीच दंडार खेमराजच्या गावची होती. बस लावून उभी होती.

नीला बुंध्याशी पदर सावरून खाली बसली होती, नेमकी त्याने दाखवलेल्या जागेवर.

"थांबा वं बाई," ती म्हणाली. "मी अजून पाहून राहिली."