आपांनी करून दिलेली ओळख

रझियाआपा गेल्याचं मला त्यांच्या इम्रानने फोनवर सांगितलं. “अम्मी गेली. तू ये. कुंदाला घेऊन ये,” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला... ‘याला काही कळायचं नाही’ असं ज्याच्याबद्दल लहानपणी सांगितलं गेलं होतं, त्या इम्रानने माझा नंबर स्वतः लावला होता! आपांना हे केव्हा एकदा सांगते असं झालं, आणि मग आठवलं, की आता सांगायचं कुणाला...

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आई गेली आणि माझी धाकटी बहीण कुंदा मारुती मंदिराजवळच्या आमच्या घरी राहायला आली. वय तिशीचं, समज लहान मुलीची. मी शाळेत शिकवायला गेले की शेजारच्या काकू तिच्याकडे बघायच्या. असं किती दिवस चालणार? शेवटी पुण्याच्या एका निवासी संस्थेत तिला ठेवायचं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात, कुंदाबद्दल कुणाकडून तरी ऐकून, एका दुपारी आपा दारात उभ्या राहिल्या. गावातल्याच राजिवड्यात घर, नवरा कुवेतला, मुलगा इम्रान कुंदासारखाच. माझ्याशी बोलायच्या आधी त्या आत जाऊन कुंदाशेजारी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, “बाय, पुण्याला कशाला धाडतेस? तिथे तिला कोण ओळखणार? दिवसा माझ्याकडे पाठव. इम्रान आहे, आणखी तिघं-चौघं येतात. संध्याकाळी तुझी बहीण तुझ्या घरी.”

आपांच्या पडवीत ती सगळी आमसुलं निवडत, पिशव्या शिवायला शिकत, भांडत, गात. पण आपांचा खरा वर्ग भरायचा बाजारात! रोज सकाळी सगळ्यांना घेऊन त्या राम आळीतून फिरायच्या. प्रत्येकाने दुकानदाराला स्वतःचं नाव सांगायचं, काहीतरी मागायचं, खाली टोपली घेऊन बसलेल्या मावशीशी दोन शब्द बोलायचे. आम्हा घरच्यांना संकोच वाटे. “लोक बघतात हो, आपा,” मी एकदा म्हटलं. “बघू देत की! बघितल्याशिवाय ओळख व्हायची कशी?”

पुढे दोनेक वर्षांनी त्यांनी जाहीर केलं, की सोमवारी कुंदा एकटी सिटी बसने येणार. मी नको नको म्हटलं. त्या मात्र एखाद्या लग्नघरातल्यासारख्या उत्साहात होत्या. सोमवारी मी कुंदाला बसमध्ये बसवलं. ती पोचली की आपा फोन करणार होत्या. फोन आला नाही. मीच लावला. “अजून नाही आली गो,” आपांचा आवाजही जरा बदललेला. मी रिक्षा पकडली. गोखले नाक्यावर तीच बस बंद पडून उभी होती. आत कुणी नाही. “सगळे केव्हाच उतरून गेले,” ड्रायव्हर म्हणाला.

मी राम आळीत धावत सुटले. कोपऱ्यावरच्या मासळीवालीला धापा टाकत विचारलं, “अहो, माझी बहीण... निळा ड्रेस, थोडी मान तिरकी...”

“कुंदा ना? ती गेली की फुडे,” ती म्हणाली आणि मला खालून वर न्याहाळत तिने विचारलं, “तुमी कोन तिची?”

पुढे बांगडीवाला म्हणाला, कुंदाताई मघाशीच गेल्या. बेकरीवाल्याने तर हात करून रस्ताच दाखवला. इतकी वर्षं मी या गावात राहते, शिकवते, आणि बाजार मला विचारत होता मी कोण! मी धावत होते, हसत होते, रडत होते. राजिवड्यात पोचले तर पडवीच्या पायरीवर कुंदा बसलेली, हातात बेकरीवाल्याने दिलेलं बटर. “बस बंद पडली. मी चालत आले,” तिने ऐटीत सांगितलं. आपांनी तिला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळून, ओल्या डोळ्यांनी, “काय गो, अजून पाठवायची का पुण्याला?”

आपांची पडवी बंद झालेली नाही. इम्रानची मोठी बहीण आणि आम्ही काही घरची माणसं मिळून ती चालवतो. परवा सुट्टी होती म्हणून सकाळीच गेले. येणाऱ्या प्रत्येकाला आपा दारात उभ्या राहून विचारायच्या, “आज काय नवीन?” आणि उत्तर मिळाल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. परवा दारात कुंदा उभी होती, कमरेवर हात ठेवून, अगदी आपांसारखी.

“आज काय नवीन?” तिने मला विचारलं.

“काही नाही गं.”

“मग बाजारात जाऊन ये,” ती म्हणाली आणि दारातून हलली नाही.

मी चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि निघाले.